मुदत संपलेला कर: टिमोथी गाइटनर प्रकरणाचा अभ्यास

नोव्हेंबर 2008 मध्ये टिमोथी गाइटनर यांनी अमेरिकेच्या सरकारी तिजोरीत 25,970 डॉलर भरले. त्यातला 19,176 डॉलर मूळ कर होता आणि 6,794 डॉलर व्याज. हा कर 2001 आणि 2002 या वर्षांचा होता. या रकमेची नोटीस त्यांना आली नव्हती आणि येऊही शकत नव्हती, कारण कायद्याने ठरवलेली मुदत कधीच उलटून गेली होती. तरीही त्यांनी पैसे भरले, कारण बराक ओबामा त्यांना अर्थमंत्री करणार होते. अमेरिकेत कर गोळा करणारी आयआरएस ही यंत्रणा अर्थमंत्र्याच्या खात्यातच येते.

सामान्य करदात्याला मुदतीचे संरक्षण असते, तसे ते राजकीय पदावर जाणाऱ्या माणसालाही असावे का? मी कराच्या कामात आहे, आणि हा प्रश्न माझ्यासमोर निरनिराळ्या रूपांत सतत येत असतो. गाइटनर प्रकरणात तो जितका स्वच्छ दिसतो तितका दुसरीकडे क्वचितच दिसेल. यात लाचेचा वास नव्हता, परदेशी खाते नव्हते, लपवलेले उत्पन्नही नव्हते. चूक साधी होती आणि आकडे लहान होते. म्हणूनच नियमाचा प्रश्न यात उघडा पडतो.

चूक नेमकी काय होती

गाइटनर 2001 पासून काही वर्षे वॉशिंग्टनला आंतरराष्ट्रीय नाणेनिधीत मोठ्या पदावर होते. नाणेनिधीतल्या पगाराची रचना समजल्याशिवाय हे प्रकरण कळत नाही, म्हणून तिथे जरा थांबतो.

अमेरिकेत साध्या नोकरदाराच्या पगारातून सोशल सिक्युरिटी (म्हातारपणीचे निवृत्तिवेतन) आणि मेडिकेअर (ज्येष्ठांचा आरोग्यविमा) यांसाठी कर कापला जातो. निम्मा वाटा नोकरदाराचा आणि निम्मा मालकाचा. दोन्ही मिळून 15.3 टक्के होतात. हे कापण्याची आणि भरण्याची जबाबदारी मालकाची, त्यामुळे नोकरदाराला त्यात काही करावेच लागत नाही. नाणेनिधी मात्र आंतरराष्ट्रीय संस्था आहे. ती हा कर कापत नाही आणि आपला वाटाही थेट भरत नाही. म्हणून तिथे काम करणारा अमेरिकी नागरिक या करापुरता स्वयंरोजगारी धरला जातो, आणि दोन्ही वाटे त्याने स्वतः विवरणपत्रात दाखवून भरायचे असतात.

यात आणखी एक पदर आहे. नाणेनिधीतल्या इतर देशांच्या कर्मचाऱ्यांना पगारावर प्राप्तिकर लागत नाही, अमेरिकी नागरिकांना लागतो. सारख्या कामासाठी हातात येणारा पगार सारखा राहावा म्हणून नाणेनिधी अमेरिकी कर्मचाऱ्यांना वेगळा करभत्ता देतो. त्यात प्राप्तिकराचा भाग असतो, आणि स्वयंरोजगार कराचा मालकाकडचा अर्धा वाटाही असतो. हा भत्ता मिळवण्यासाठी कर्मचारी दरवर्षी अर्ज करतो आणि ज्या करांसाठी भत्ता घेतला ते कर मी भरीन, असे लिहून त्यावर सही करतो.

गाइटनर यांनी हा अर्ज केला, सही केली आणि भत्ता घेतला. पगार विवरणपत्रात दाखवला, त्यावरचा प्राप्तिकरही भरला. राहिला तो स्वयंरोजगार कर, आणि तो काही एक वर्ष नाही, सलग राहिला. चार वर्षांचा मिळून 34,023 डॉलर.

‘चूक साधी होती’ असे मी वर म्हटले आणि त्यावर ठाम आहे. पण साधी चूक आणि हलकी चूक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ज्या करासाठी कोणी तुमच्या हातात वेगळे पैसे ठेवले, तो कर भरायचा राहिला तर ‘नियम माहीत नव्हता’ हे उत्तर अर्धेच पटते. दुसऱ्या बाजूने हेही खरे की आंतरराष्ट्रीय संस्थांत आणि वकिलातींत काम करणारे कितीतरी अमेरिकी याच ठिकाणी चुकत होते. ही चूक इतकी पसरलेली होती की 2006 च्या अखेरीस आयआरएसने अशा कर्मचाऱ्यांसाठी खास तडजोडीची योजना काढली. म्हणजे गाइटनर यांनी एकट्यानेच काही डाव टाकला, असे म्हणायला आधार नाही.

तीन वर्षांची रेघ

अमेरिकी करकायद्यात नियम असा आहे: विवरणपत्र भरल्यापासून तीन वर्षांच्या आत आयआरएसने कर आकारला पाहिजे. एकूण उत्पन्नाच्या 25 टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम दाखवायची राहिली असेल तर सहा वर्षे. फसवणूक असेल किंवा विवरणपत्रच भरले नसेल तर मुदतच नाही, कधीही आकारणी होऊ शकते.

गाइटनर यांनी उत्पन्न पूर्ण दाखवले होते, म्हणून सहा वर्षांचा नियम लागत नव्हता. फसवणुकीचा आरोप आयआरएसने कधीच केला नाही. उरली तीन वर्षे. 2001 चे विवरणपत्र एप्रिल 2002 च्या ठरलेल्या तारखेला भरले असे धरले तर ते वर्ष एप्रिल 2005 मध्ये बंद झाले, 2002 चे एप्रिल 2006 मध्ये आणि 2003 चे एप्रिल 2007 मध्ये.

2006 साली आयआरएसने गाइटनर यांची तपासणी केली ती 2003 आणि 2004 या वर्षांची. स्वयंरोजगार कर राहिल्याचे निघाले. त्यांनी 14,847 डॉलर कर आणि 2,383 डॉलर व्याज भरले. दंड माफ झाला. निष्काळजीपणासाठी कायद्यात 20 टक्के दंड आहे. तो लावला असता तर सुमारे 2,970 डॉलर झाला असता. तेव्हा ते न्यूयॉर्कच्या फेडरल रिझर्व्ह बँकेचे अध्यक्ष होते.

प्रकरणाचा सगळा भार या 2006 सालावर आहे, असे मला वाटते. त्या वर्षी गाइटनर यांना दोन गोष्टी कळल्या होत्या: 2003 आणि 2004 मध्ये कर राहिला, आणि का राहिला. नोकरी तीच, भत्ता तोच, अर्जही तोच. मग 2001 आणि 2002 मध्येही तेच घडले असणार, हे कळायला करतज्ज्ञ लागत नाही. पण ती वर्षे बंद झालेली. आयआरएसने मागितले नाहीत आणि त्यांनी भरले नाहीत.

कायद्याने त्यात काहीही गैर नाही. माझ्याकडे असा अशील आला असता आणि त्याने विचारले असते, ‘बंद वर्षांचे पैसे भरावे लागतील का?’ तर मी ‘नाही’ म्हणालो असतो, आणि ते प्रामाणिक उत्तर ठरले असते. मुदतीचा नियम थकबाकीदाराला बक्षीस म्हणून केलेला नसतो. माणसाची कागदपत्रे हरवतात, बँका जुनी नोंद देत नाहीत, हिशेबनीस वारतो, आठवण पुसट होते. सात वर्षांपूर्वीचा खर्च खरा होता हे सिद्ध करायला सांगणे हाच अन्याय असतो. शिवाय खात्याला मुदत नसेल तर जुनी फाइल उघडण्याची धमकी कायम हाताशी राहते, आणि ती कोणावर कधी वापरली जाईल याचा नेम नसतो. राजकारण्याच्या बाबतीत तर हा धोका जास्तच, कारण फाइल उघडणारे खाते त्याच्या विरोधकाच्या हाताखाली असू शकते.

म्हणून ‘पुढाऱ्यांना मुदतीचे संरक्षण नको’ ही मागणी मला पटत नाही. ती ऐकायला न्यायाची वाटते. पण अमलात आली तर सत्तेवरच्या पुढाऱ्याला तिचा काही त्रास होणार नाही आणि विरोधातल्या पुढाऱ्याच्या डोक्यावर कायमची तलवार लटकेल.

नाव निघाले तेव्हा

नोव्हेंबर 2008 मध्ये ओबामांच्या माणसांनी गाइटनर यांची कागदपत्रे तपासली. जी वर्षे आयआरएसने पाहिली नव्हती तीही त्यांनी पाहिली, आणि 2001 व 2002 चा कर राहिल्याचे त्यांच्या लक्षात आले. गाइटनर यांनी लगेच सुधारित विवरणपत्रे देऊन पैसे भरले. 24 नोव्हेंबरला ओबामांनी त्यांचे नाव जाहीर केले. कराची गोष्ट लोकांना कळली ती 13 जानेवारी 2009 ला, सिनेटच्या वित्त समितीने कागदपत्रे प्रसिद्ध केली तेव्हा. त्यात मुलांच्या निवासी उन्हाळी शिबिराचा खर्च बालसंगोपनाच्या सवलतीत धरल्यासारख्या लहान चुकाही होत्या. त्यांवर मी वेळ घालवणार नाही, तशा चुका कुठल्याही फायलीत निघतात.

21 जानेवारीला सुनावणी झाली. गाइटनर यांनी चुका निष्काळजीपणाच्या आणि टाळता येण्याजोग्या होत्या, पण हेतुपुरस्सर नव्हत्या, असे सांगून माफी मागितली. विवरणपत्रासाठी टर्बोटॅक्स ही संगणकप्रणाली वापरल्याचे चौकशीत निघाले. जबाबदारी मात्र आपलीच, प्रणालीची नाही, असे ते म्हणाले. अॅरिझोनाचे सिनेटर जॉन काइल यांनी बंद वर्षांचा प्रश्न लावून धरला: 2006 मध्ये चूक कळली होती, मग मागच्या दोन वर्षांचे पैसे तेव्हाच का भरले नाहीत?

दुसऱ्या दिवशी समितीने 18 विरुद्ध 5 मतांनी नाव पुढे पाठवले. 26 जानेवारीला पूर्ण सिनेटने 60 विरुद्ध 34 मतांनी मंजुरी दिली. ते दिवस बँका कोसळण्याचे होते. लीमन ब्रदर्स ही मोठी बँक बुडून चार महिने झाले होते आणि त्या संकटात पहिल्यापासून हात घातलेला माणूस अर्थखात्यात हवा, या विचारापुढे करचुकीचे वजन कमी ठरले. अनेक सिनेटरांनी तसे बोलूनही दाखवले. हा निर्णय चूक होता असे मी म्हणत नाही. पण त्यातून कर खात्याच्या कर्मचाऱ्यांना काय दिसले, हे पाहिले पाहिजे.

आयआरएसच्या कारकुनाला लागू असलेला नियम

1998 साली अमेरिकी काँग्रेसने आयआरएसच्या पुनर्रचनेचा कायदा केला. त्याच्या कलम 1203 मध्ये दहा अपराध दिले आहेत. त्यांपैकी एकही सिद्ध झाला तर आयआरएसच्या कर्मचाऱ्याला कामावरून काढायचे. आयआरएसमध्ये त्यांना ‘दहा महापातके’ म्हणूनच ओळखतात. त्यांतली दोन कर्मचाऱ्याच्या स्वतःच्या कराबद्दल आहेत: विवरणपत्र मुद्दाम वेळेत न भरणे आणि आपला कर मुद्दाम कमी दाखवणे. सबळ कारण असेल तर सूट मिळते. शिक्षा कमी करण्याचा अधिकार फक्त आयुक्ताला असतो, आणि तो त्याने स्वतः वापरायचा असतो, दुसऱ्याकडे सोपवता येत नाही.

म्हणजे नोटिसा छापून पाकिटात घालणाऱ्या कारकुनाचा कर कमी भरल्याचे निघाले, तर ते मुद्दाम नव्हते हे पटवण्यावर त्याची नोकरी टिकून असते. ज्या मंत्र्याच्या खात्यात तो काम करतो त्याला हे कलम लागू नाही. मंत्र्याची परीक्षा सिनेट घेते, आणि सिनेटकडे लिखित निकष नाही. तिथे मतांची मोजणी असते.

गाइटनर यांना कलम 1203 लावले असते तर त्यांची नोकरी गेली असतीच, असे नाही. मुद्दाम केल्याचा पुरावा नव्हता आणि आयआरएसने दंडही माफ केला होता. पण त्यांना आपले कारण एका ठरलेल्या कसोटीपुढे मांडावे लागले असते. लोक ‘दोन नियम’ म्हणतात तेव्हा नेमके हेच त्यांना खुपत असते. एकाला कसोटी असते आणि दुसऱ्याला चर्चा. करकायदा दोघांना सारखाच असला तरी हा फरक मिटत नाही.

आठवडाभरातच तो फरक फार महाग पडला. ओबामांनी आरोग्यमंत्रिपदासाठी टॉम डॅशल यांचे नाव दिले होते. एका मित्राने त्यांना गाडी आणि चालक वापरायला दिला होता. त्याची किंमत उत्पन्नात धरलेली नव्हती आणि इतरही काही गोष्टी राहिल्या होत्या. 2005, 2006 आणि 2007 या वर्षांसाठी त्यांनी 1,28,203 डॉलर कर आणि 11,964 डॉलर व्याज भरले. ही तिन्ही वर्षे खुली होती. 3 फेब्रुवारी 2009 ला त्यांनी माघार घेतली. त्याच दिवशी, सरकारच्या मुख्य कामगिरी अधिकारी या पदासाठी नाव दिलेल्या नॅन्सी किलेफर यांनीही माघार घेतली. घरकामाच्या बाईसाठी भरायच्या बेकारी विमा कराची त्यांची 946.69 डॉलरची थकबाकी काही वर्षांपूर्वी निघाली होती. त्या दिवशी मुलाखतींमध्ये ओबामांनी चूक आपली असल्याचे मान्य केले. मोठ्या लोकांना एक आणि रोज कर भरणाऱ्या सामान्यांना दुसरा, असे दोन नियम असता कामा नयेत, असे ते म्हणाले.

34,023 डॉलरची चूक असलेला मंत्री झाला आणि 946 डॉलरची चूक असलेल्या बाईंना परत जावे लागले. यातून एक नियम काढून दाखवा म्हटले तर मला काढता येत नाही. फरक पडला तो कोणाचे नाव आधी आले आणि कोण जास्त गरजेचे वाटले, यामुळे.

रागाचे विधेयक

या साऱ्याचा राग काँग्रेसमध्येही उमटला. चार्ल्स रॅन्गल हे करकायदे बनवणाऱ्या समितीचे अध्यक्ष होते. डॉमिनिकन प्रजासत्ताकातल्या आपल्या बंगल्याच्या भाड्याचे उत्पन्न त्यांनी वर्षानुवर्षे दाखवले नव्हते. 2008 मध्ये त्यांनी त्यातला काही थकलेला कर भरला. 28 जानेवारी 2009 ला टेक्ससचे जॉन कार्टर यांनी ‘रॅन्गल नियम’ या नावाचे विधेयक मांडले. विवरणपत्रावर ते दोन शब्द लिहिणाऱ्या कोणत्याही नागरिकाला व्याज आणि दंड लागू नये, अशी त्याची मागणी होती. विधेयक पुढे गेले नाही. पण त्यातली कळ खरी होती: व्याज-दंडाची सूट द्यायची तर सगळ्यांना द्या.

रॅन्गल यांच्या बाबतीत पुढे जे झाले ते मला जास्त शिकण्यासारखे वाटते. 2 डिसेंबर 2010 ला प्रतिनिधीगृहाने 333 विरुद्ध 79 मतांनी त्यांच्यावर निंदाव्यंजक ठराव केला. रॅन्गल यांना सभागृहाच्या मध्यभागी उभे राहून तो ऐकावा लागला. त्याच ठरावात त्यांना त्या बंगल्याच्या उत्पन्नावरचा न भरलेला कर भरून त्याचा पुरावा आणून द्यायला सांगितले होते. इथे मागणी कर खात्याची नव्हती, सभागृहाची होती. सभागृहाने कर आकारला नाही आणि करकायद्याची मुदतही मोडली नाही. आमचा सदस्य म्हणून तुम्ही एवढे करा, असे त्याने सांगितले.

कायद्याच्या नजरेत जास्तीचा कर

गाइटनर यांच्या 25,970 डॉलरांकडे परत येतो. अमेरिकी करसंहितेच्या कलम 6401 नुसार मुदत संपल्यानंतर आकारलेला किंवा वसूल केलेला कर ‘जास्त भरलेला कर’ ठरतो, आणि जास्त भरलेला कर ठरलेल्या वेळेत परत मागता येतो. म्हणजे जनतेच्या नजरेत जी रक्कम भरणे त्यांचे कर्तव्य होते, तीच कायद्याच्या नजरेत भरायला नको असलेली रक्कम होती.

हा विरोध कायद्यातला दोष आहे, असे मला वाटत नाही. वसुली कधी थांबते एवढेच कायदा सांगतो. करकायदा माणूस कोणत्या पदाला योग्य आहे ते ठरवत नाही, आणि ठरवूही नये. ते ठरवण्यासाठी दुसरा नियम लागतो, आणि अमेरिकेत तो लिहिलेला नव्हता. ओबामांच्या छाननी करणाऱ्यांनी बंद वर्षे पाहिली म्हणून 25,970 डॉलर आले. त्यांनी फक्त खुली वर्षे पाहिली असती तर हे प्रकरण उघडच झाले नसते. इतकी मोठी गोष्ट तपासणाऱ्याच्या चिकाटीवर सोडलेली होती.

आपल्याकडे हा रकाना नाही

आपल्या देशातही मुदत आहे आणि ती वारंवार बदलली आहे. फेरआकारणीची मुदत 2021 पर्यंत साधारण चार वर्षे, मोठ्या रकमेला सहा आणि परदेशी मालमत्तेला सोळा होती. 2021 मध्ये ती तीन आणि दहा वर्षे झाली. 1 सप्टेंबर 2024 पासून करनिर्धारण वर्ष संपल्यावर तीन वर्षे तीन महिने, आणि निसटलेले उत्पन्न 50 लाख रुपये किंवा त्याहून जास्त असेल तर पाच वर्षे तीन महिने. मुदत कमी झाली हे चांगलेच झाले. दहा वर्षांपूर्वीची वही शोधताना लहान व्यापाऱ्याची काय दशा होते, ती मी पाहिली आहे.

निवडणूक लढवणारा आपल्याकडे नमुना 26 चे शपथपत्र भरतो. 2019 च्या लोकसभा निवडणुकीपासून त्यात स्वतःचे, पती किंवा पत्नीचे, अविभक्त कुटुंबाचे आणि अवलंबितांचे मागच्या पाच वर्षांचे उत्पन्न लिहावे लागते, विवरणपत्रात दाखवलेले. सरकारी देणी आणि वादातली देणी लिहावी लागतात. हे खूप आहे, आणि लोकांनी न्यायालयात झगडून मिळवलेले आहे. पण त्यातला आकडा उमेदवाराने स्वतः विवरणपत्रात जो लिहिला तोच असतो. खात्याने नंतर किती वाढवला, चूक कोणी शोधली, दंड माफ झाला का, मुदत गेलेल्या वर्षाचा कर राहिल्याचे उमेदवाराला माहीत आहे का आणि तो त्याने भरला का, यांतले काही विचारलेले नाही. गाइटनर यांच्यासारखी फाइल असलेला माणूस आपल्याकडे उभा राहिला तर त्याचे शपथपत्र खरे आणि पूर्ण असेल, आणि मतदाराला त्यातून काहीच कळणार नाही.

मला वाटते, मुदतीला हात न लावता तीन ओळी वाढवता येतील. मागच्या दहा वर्षांत फेरआकारणी झाली का आणि किती रकमेची. दंड किंवा व्याज माफ झाले असेल तर कोणत्या कारणाने. आणि तिसरी: मुदत संपल्यामुळे ज्याची मागणी होऊ शकली नाही असा कर राहिल्याचे आपल्याला माहीत आहे का, असल्यास तो भरला का. तिसऱ्या ओळीत खोटे लिहिणे हा शपथपत्रातल्या खोटेपणाचाच गुन्हा राहील, कराचा नाही. कर खात्याला त्यातून नोटीस काढता येणार नाही, असेही तिथेच लिहून ठेवावे, नाहीतर मागच्या दाराने मुदत मोडायची वाट उघडेल. उत्तर ‘हो, राहिला आहे, भरलेला नाही’ असे असले तरी अर्ज बाद होऊ नये. त्याचे काय करायचे ते मतदार पाहील.

हीच तिसरी ओळ 2006 नंतरच्या गाइटनर यांच्यापुढे असती, तर त्यांनी ते पैसे त्याच वर्षी भरले असते, असा माझा अंदाज आहे.